स्त्रियांचे हक्क सांगणारे मुमताज अली

(सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी लाहोर शहरात एका विद्वान गृहस्थांनी मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी उचलली. लग्नाच्या बाबतीत धर्माने स्त्रीला दिलेले हक्क रूढींनी कसे झाकून टाकले, हे त्यांनी समाजाला दाखवले. त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

मुलांनो, तुम्ही एखाद्या निकाहाला नक्कीच गेला असाल. बाहेर मंडपात पुरुष मंडळी बसलेली असतात. आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात वधू बसलेली असते. निकाह पढवण्याआधी वकील आणि दोन साक्षीदार तिच्याकडे जातात. तिला नवऱ्या मुलाचे नाव सांगतात, मेहरची रक्कम सांगतात आणि हा निकाह तुला कबूल आहे का, असे विचारतात. तिचा होकार घेऊन ते बाहेर येतात. मग वराला विचारतात. दुआ होते, छुहारे वाटले जातात आणि सगळीकडे आनंदीआनंद होतो.

वधूला विचारण्याचे हे काम अर्ध्या मिनिटात आटोपते. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे तिकडे लक्षही गेले नसेल. पण सगळा निकाह उभा असतो तो या अर्ध्या मिनिटावर. वधू कबूल नसेल, तर मंडप, पाहुणे, मेजवानी यांना काही अर्थ उरत नाही. हा प्रश्न तिला खरोखर विचारला जातो का, की नुसता विचारल्यासारखा केला जातो? हे विचारण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांच्यापैकी एक होते मौलवी सय्यद मुमताज अली.

मुमताज अली यांचा जन्म १८६० साली देवबंद येथे झाला. देवबंद हे उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातले गाव. ते लहान असताना, १८६६ मध्ये, याच गावात दारुल उलूम हा प्रसिद्ध मदरसा सुरू झाला. लहानपणी मुमताज अलींनी गावातच कुरआन, अरबी आणि फारसी यांचे शिक्षण घेतले. वडील पंजाबात सरकारी नोकरीत होते. त्यामुळे पुढे ते लाहोरला आले आणि तेथे इंग्रजी शिकू लागले. अशा रीतीने जुनी विद्या आणि नवी विद्या या दोन्हींची ओळख त्यांना तरुणपणीच झाली.

त्या काळचे लाहोर म्हणजे वादविवादांचे शहर होते. ख्रिस्ती मिशनरी बाजारात आणि सभांमध्ये व्याख्याने देत. इस्लाम धर्मात स्त्रीला काही स्थानच नाही, असा त्यांचा एक आक्षेप असे. तरुण मुमताज अलींना हा आक्षेप फार लागला. उत्तर देण्यासाठी त्यांनी धर्मग्रंथांचा कसून अभ्यास केला.

या अभ्यासातून त्यांच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली गोष्ट अशी, की आक्षेप घेणाऱ्यांचे धर्माविषयीचे म्हणणे चुकीचे होते. धर्माने स्त्रीला पुष्कळ हक्क दिलेले होते. दुसरी गोष्ट मात्र कडू होती. ग्रंथात असलेले हे हक्क घरात कुठेच दिसत नव्हते. वादात मिशनऱ्यांना हरवता आले असते, पण आपल्याच घरातली परिस्थिती कशी नाकारायची? तेव्हा त्यांनी बाहेरच्यांशी वाद घालण्यापेक्षा आपल्याच लोकांशी बोलायचे ठरवले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या वेळची परिस्थिती कशी होती ते नीट समजून घ्या. म्हणजे मुमताज अलींचे काम किती अवघड होते, हे तुम्हांला कळेल.

निकाह हा इस्लाममध्ये एक करार आहे. करार म्हटला की दोन्ही बाजूंची संमती आलीच. हजरत मुहम्मद पैगंबर यांच्या काळात हजरत खन्सा नावाच्या एक बाई होत्या. वडिलांनी त्यांचा निकाह त्यांच्या मर्जीविरुद्ध लावून दिला. त्या थेट पैगंबरांकडे गेल्या. पैगंबरांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि तो निकाह रद्द ठरवला. ही घटना हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे.

पण मुमताज अलींच्या काळात काय चालले होते? खेळण्याबागडण्याच्या वयात मुलींची लग्ने ठरत. आपला नवरा कोण, कसा, हे मुलीला माहीत नसे. निकाहाच्या वेळी विचारायची पद्धत होती, पण मुलगी मान खाली घालून रडत असे. तिच्या हुंदक्यालाच होकार समजत. कधी शेजारी बसलेली एखादी वडीलधारी बाईच तिच्या वतीने हुंकार देई. लाजणाऱ्या मुलीचे मौन म्हणजे होकार मानण्याची मुभा धर्मात आहे, हे खरे. पण ती मुभा लाजेसाठी आहे, भीतीसाठी नाही. रूढीने त्या मुभेची पळवाट करून टाकली होती.

मेहरचेही तसेच. मेहर म्हणजे नवऱ्याने पत्नीला द्यायची रक्कम. ती तिच्या एकटीच्या मालकीची असते. तिचे वडील, भाऊ किंवा नवरा यांचा तिच्यावर हक्क नसतो. मग रूढीने काय केले? घराण्याची प्रतिष्ठा दिसावी म्हणून हजारो रुपयांचा मेहर लिहायला सुरुवात झाली. इतकी रक्कम कोणी देणार नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असे आणि घेणाऱ्यालाही. पुढे पत्नीकडून तो माफ करून घेत. काही ठिकाणी तर नवऱ्याचे निधन झाल्यावर, जनाजा उचलण्यापूर्वी, रडणाऱ्या विधवेला मेहर माफ केला म्हणून म्हणायला लावत. अशा वेळी कोणती बाई नाही म्हणेल?

विधवांची स्थिती आणखी दुःखाची होती. हजरत खदीजा या स्वतः विधवा होत्या आणि पैगंबरांशी विवाहाचा प्रस्ताव त्यांनीच पाठवला होता, हे प्रत्येक मुसलमान मूल शिकते. इद्दतची मुदत संपली, की विधवेला पुन्हा निकाह करता येतो. तरीही उत्तर हिंदुस्थानातील खानदानी म्हणवणाऱ्या घरांत विधवेचा निकाह म्हणजे नाक कापले गेले असे मानत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आयुष्यभर घरच्या कोपऱ्यात बसून राहत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पंजाबात तर सरकारी कायदाही रूढीच्या बाजूने होता. १८७२ च्या पंजाब कायद्यानुसार लग्न, मेहर, वारसा अशा बाबतींत न्यायालय आधी त्या जमातीची रूढी पाहत असे. रूढी सापडली नाही, तरच धर्मशास्त्राकडे वळत असे. त्यामुळे मुलीला वडिलांच्या जमिनीत वाटा मिळाला पाहिजे असे कुरआनमध्ये स्पष्ट असूनही, पंजाबातल्या पुष्कळ मुलींना तो मिळत नव्हता. मुमताज अलींनी १८८४ पासून काही वर्षे लाहोरच्या मुख्य न्यायालयात भाषांतरकाराची नोकरी केली.

या सर्व विचारांतून त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'हुकूक-ए-निस्वाँ', म्हणजे स्त्रियांचे हक्क. पुरुष श्रेष्ठ असतो ही समजूत, स्त्रियांचे शिक्षण, पडदा, लग्नाच्या रीती आणि पती-पत्नीचे एकमेकांशी वागणे, असे त्याचे पाच विषय होते. पुरुष अंगाने बळकट असतो म्हणून तो श्रेष्ठ, असे लोक म्हणत. मुमताज अलींनी त्यावर मार्मिक उत्तर दिले. बळावरूनच मोठेपणा ठरत असेल, तर माणसापेक्षा जास्त ओझे वाहणाऱ्या गाढवाला माणसापेक्षा मोठे म्हणावे लागेल!

लग्नाविषयी त्यांचे म्हणणे सरळ होते. मुलगा आणि मुलगी जाणत्या वयाचे असावेत. दोघांची मनापासून संमती असावी. मेहर नवऱ्याला देता येईल एवढाच ठरवावा आणि तो खरोखर द्यावा. लग्नातला डामडौल आणि कर्ज काढून केलेला खर्च थांबवावा. एकापेक्षा जास्त बायका करण्याविषयी ते म्हणत, की सर्वांशी सारखा न्याय करण्याची अट इतकी कठीण आहे, की ती पाळणे सामान्य माणसाच्या हातचे नाही. म्हणून एकच पत्नी असावी, हाच धर्माचा खरा रोख आहे. प्रत्येक मुद्द्याला त्यांनी कुरआन आणि हदीसमधील आधार दिले. परक्यांची नक्कल करा, असे ते सांगत नव्हते. आपलेच ग्रंथ उघडून पाहा, एवढेच त्यांचे सांगणे होते.

पुस्तकाचे हस्तलिखित तयार झाल्यावर ते कोणाला दाखवावे? मुमताज अलींच्या डोळ्यांसमोर एकच नाव आले. ते नाव होते सर सय्यद अहमद खान यांचे. सर सय्यद यांनी अलीगढला १८७५ मध्ये नव्या शिक्षणाची संस्था काढली होती. तीच पुढे १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाली. मुलांना इंग्रजी शिकवतो म्हणून त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मुमताज अली त्यांना गुरूच्या ठिकाणी मानत. रूढींशी झगडलेला हा माणूस आपल्या पाठीवर हात ठेवील, अशी त्यांना आशा होती. हस्तलिखित घेऊन ते अलीगढला गेले.

सर सय्यद यांनी हस्तलिखित हाती घेतले आणि मधलीच काही पाने वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा लालबुंद झाला. हात थरथरू लागले. त्यांनी ते हस्तलिखित फाडले आणि केराच्या टोपलीत टाकून दिले! मुमताज अली समोरच बसले होते. इतक्यात नोकर जेवणाची वर्दी घेऊन आला आणि सर सय्यद उठून आत गेले. खोलीत कोणी नाही असे पाहून मुमताज अलींनी टोपलीतून ते फाटके कागद उचलले आणि आपल्याजवळ ठेवले.

तुम्हांला वाटेल, की एवढे मोठे समाजसुधारक असे का वागले? सर सय्यद यांचे मत असे होते, की आधी पुरुष शिकले पाहिजेत; ते शिकले की स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारेल. स्त्रियांचा प्रश्न आताच काढला, तर लोक बिथरतील आणि सगळेच काम बुडेल, अशी त्यांना भीती होती. मोठी माणसेसुद्धा एखाद्या बाबतीत आपल्या काळाच्या पुढे पाहू शकत नाहीत. म्हणून त्यांचे मोठेपण संपत नाही आणि त्यांची चूकही बरोबर ठरत नाही.

मुमताज अलींसमोर आता अवघड प्रश्न उभा राहिला. पुस्तक छापावे, तर ज्यांना गुरू मानले त्यांचे मन दुखावते. न छापावे, तर ज्या मुलींसाठी लिहिले त्यांचे काय? त्यांनी गुरूंच्या हयातीत पुस्तक छापले नाही. मात्र ते कागद जाळलेही नाहीत. मार्च १८९८ मध्ये सर सय्यद यांचे निधन झाले. त्याच वर्षी 'हुकूक-ए-निस्वाँ' प्रसिद्ध झाले. आदरापोटी मुमताज अली थांबले, पण त्यांचे मत बदलले नाही.

मुमताज अली दुसऱ्याला उपदेश करून स्वस्थ बसणारे नव्हते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९७ मध्ये त्यांनी मुहम्मदी बेगम यांच्याशी विवाह केला. मुहम्मदी बेगम तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांना उर्दू लिहिता-वाचता येत होते आणि शिकण्याची आवड होती. मुमताज अलींनी घरीच त्यांच्या पुढच्या शिक्षणाची सोय केली. १ जुलै १८९८ रोजी पती-पत्नींनी मिळून लाहोरहून स्त्रियांसाठी एक उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव 'तहजीब-ए-निस्वाँ'. संपादक म्हणून मुहम्मदी बेगम काम पाहू लागल्या. एका पडदानशीन मुस्लिम स्त्रीने उर्दू साप्ताहिकाचे संपादन करावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

सुरुवातीला साप्ताहिकाचे अंक त्यांनी अनेक घरी फुकट पाठवले. पुष्कळ अंक टपालाने तसेच परत आले. काहींवर लोकांनी घाणेरड्या शिव्या लिहिल्या होत्या. पहिल्या काही महिन्यांत वर्गणीदारांची संख्या शंभराच्याही आत होती. दुसरा कोणी असता, तर त्याने छापखाना बंद केला असता. हे दोघे मात्र शांतपणे पुढचा अंक काढत राहिले.

हळूहळू घराघरांतून पत्रे येऊ लागली. कोणी मुलांच्या आजाराविषयी विचारी. कोणी स्वयंपाकाची माहिती कळवी. कोणी लग्नातल्या खर्चिक रीतींबद्दल आपले मन मोकळे करी. त्या काळी स्त्रीने आपले नाव छापणे वाईट समजत. म्हणून पुष्कळ जणी अमक्याची मुलगी किंवा अमक्याची पत्नी अशी सही करीत. नाव झाकलेले होते, तरी मत उघडपणे मांडले जात होते. ज्यांना आजवर कोणी काही विचारलेच नव्हते, त्यांना बोलायला एक जागा मिळाली.

आपल्या महाराष्ट्राचाही या साप्ताहिकाशी संबंध आला. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांची तिथली रोजनिशी 'तहजीब-ए-निस्वाँ'मधून प्रसिद्ध झाली. त्यांची बहीण नाझली या जंजिरा संस्थानच्या बेगम होत्या. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात उभा असलेला जंजिरा किल्ला तुम्हांला माहीत असेलच.

मुहम्मदी बेगम यांनी पुस्तकेही लिहिली. 'सफिया बेगम' या कादंबरीत त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलेल्या लग्नामुळे एका सुशिक्षित मुलीच्या आयुष्याची कशी धूळधाण होते, ते दाखवले. दुर्दैवाने १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा इम्तियाज तेव्हा आठ वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे इम्तियाज अली 'ताज' या नावाने प्रसिद्ध झाला. उर्दूच्या तासाला तुम्ही त्यांच्या चचा छक्कनच्या गोष्टी वाचून पोट धरून हसला असाल. 'अनारकली' हे नाटकही त्यांचेच.

पत्नीच्या निधनाचे दुःख मोठे होते. तरी मुमताज अलींनी साप्ताहिक बंद पडू दिले नाही. घरातल्या मुलींनी आणि इतर लेखिकांनी त्यांना साथ दिली. १९०९ मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी 'फूल' हे साप्ताहिकही सुरू केले. 'तहजीब-ए-निस्वाँ' सुमारे पन्नास वर्षे चालले. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव म्हणून १९३४ मध्ये सरकारने त्यांना 'शम्सुल उलमा' हा किताब दिला. १९३५ मध्ये लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, शरीयत कायदा आला. लग्न, मेहर, तलाक, वारसा अशा बाबतींत मुसलमानांना रूढी नव्हे, तर शरीयत लागू राहील, असे त्याने ठरवले. शेतजमिनीचा वारसा मात्र त्यातून वगळला गेला. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला ठरावीक कारणांसाठी न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याचा हक्क मिळाला. पंधरा वर्षांची होण्याआधी लग्न लावून दिलेल्या मुलीला पुढे ते नाकारण्याची वाटही मोकळी झाली. हे कायदे एकट्या मुमताज अलींमुळे झाले, असे नाही. पण त्यासाठी लागणारी मने तयार करण्याचे काम त्यांच्यासारख्यांनीच केले होते.

मुलांनो, कायदे झाले, ग्रंथ तर पूर्वीपासूनच होते, तरी काम संपले असे समजू नका. आजही कुठे मुलीचे शिक्षण अर्धवट तोडून तिचे लग्न ठरवले जाते. कुठे मेहर कागदावर राहतो आणि हुंड्याची यादी मात्र पुरी करून घेतली जाते. असे करणारे लोक याला धर्म म्हणतात, घराण्याची रीत म्हणतात. अशा वेळी मुमताज अलींनी विचारला होता तोच प्रश्न तुम्हीही विचारा. हे ग्रंथात आहे, की केवळ रूढीत आहे?

मुलींनो, तुम्हांला विचारले जाणे ही कोणाची मेहरबानी नाही. तो तुमचा हक्क आहे. आणि मुलांनो, उद्या तुम्ही कोणाचे भाऊ म्हणून, कोणाचे वडील म्हणून किंवा साक्षीदार म्हणून त्या आतल्या खोलीत जाल. तेव्हा घाई करू नका. प्रश्न नीट विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते अर्धे मिनिट तिचे आहे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुमताज अली यांचा जन्म कोठे झाला?
(आ) 'हुकूक-ए-निस्वाँ' या नावाचा अर्थ काय?
(इ) 'तहजीब-ए-निस्वाँ'च्या संपादक कोण होत्या?
(ई) १९०९ मध्ये मुमताज अलींनी मुलांसाठी कोणते साप्ताहिक सुरू केले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मेहरच्या हक्काचे रूढीने काय केले होते?
(आ) मुमताज अलींनी आपले पुस्तक लगेच का छापले नाही?
(इ) 'तहजीब-ए-निस्वाँ'चे पहिले अंक लोकांनी कसे परत पाठवले?

प्र. ३. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
नाक कापले जाणे, धूळधाण होणे, मन मोकळे करणे, पाठीवर हात ठेवणे.

प्र. ४. तुमच्या आजीला किंवा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या लग्नाविषयी विचारा. लग्न ठरवताना तिचे मत कोणी विचारले होते का, ते तिच्याकडून समजून घ्या आणि आठ-दहा ओळींत लिहा.